ज्ञानेश्वरी कोणत्या अक्षराखाली?

कॉलेजात प्रवेश मिळणे निराळे आणि कॉलेजच्या ग्रंथालयात प्रवेश मिळणे निराळे. पहिल्याची पावती मिळते. दुसऱ्यासाठी कोणीतरी हात धरून आत न्यावे लागते. ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांना हे पहिल्याच आठवड्यात कळते. काउंटरवर "कोणते पुस्तक हवे?" असा साधाच प्रश्न येतो. पण पुस्तकाचे नाव ठाऊक असते तर निम्मा अभ्यास झालाच असता की! मग मुलगा "नंतर येतो" म्हणतो, आणि येत नाही.

यंदा आमच्या ग्रंथपाल बाईंनी ठरवले, की ग्रंथालय-परिचयाचा वर्षातून एक तास पुरे नाही. मोबाइलवर केव्हाही पाहता येतील अशा छोट्या चित्रफिती मराठीत करायच्या. बोलण्याचे काम माझ्याकडे आले. माझे मराठी गावाकडचे, म्हणून मुलांना कळेल, असे बाईंचे म्हणणे.

पहिली फीत सोपी गेली. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेल्या पद्धतीत साऱ्या ज्ञानाचे दहा वर्ग आहेत, आणि मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. पोत्यावरची खूण पाहून माल कोणाचा ते सांगतात. पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा ही तशीच खूण, एवढे सांगितले आणि काम झाले.

खरी कसोटी सूचीची. आमच्या संगणकात मराठी पुस्तकांची नावे रोमन अक्षरांत भरलेली आहेत, तीही निरनिराळ्या हातांनी. त्यामुळे ज्ञानेश्वरी कधी 'डी'खाली सापडते, कधी 'जे'खाली, तर कधी चक्क 'जी'खाली! एका अक्षराखाली नाही म्हणून ग्रंथच नाही असे समजून परत फिरणारे किती असतील? फितीत आम्ही तिन्ही अक्षरे टंकून दाखवली. मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश घरबसल्या फुकट वाचता येतात, हेही सांगितले. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मोल्सवर्थचा कोश तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. आपला शब्द पाहायला शिकागोला जायचे, याची गंमत वाटते.

तिसऱ्या फितीचे काम चालू असताना प्रथम वर्षाची एक मुलगी आली. तांड्यावरची. तिला आपल्या लोकांच्या गाण्यांवर प्रकल्प करायचा होता. तिने सूचीत 'गोर' हा शब्द घातला होता, कारण घरी स्वतःला तेच म्हणतात. उत्तर आले : नोंद नाही. 'बंजारा' घातल्यावर चार पुस्तके निघाली, 'लमाण' घातल्यावर आणखी एक. ती पुस्तके तिने हातात घेतली. पण चेहरा काही खुलला नाही.

बाईंनी त्याच दिवशी सूचीत नवी नोंद केली : 'गोर — पाहा : बंजारा'. जुन्या कार्डांच्या खणांतही अशा 'पाहा' नोंदी असत.

मुलीने पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "बाई, 'बंजारा — पाहा : गोर' असं का नाही?"

बाई लगेच काही बोलल्या नाहीत. तिसरी फीत अजून अपुरी आहे. ती आता तिच्याच आवाजात करायची, असे आम्ही ठरवले आहे.