सांध्याखालची मोटार

हिंगोली मीटरगेजवर होती तेव्हा गाडीची वाट कोण बदलतं हे स्टेशनवरच्या पोरासोरांनाही दिसायचं. मालधक्क्याच्या सायडिंगच्या तोंडाशी जमिनीलगत एक लोखंडी हँडल होतं, त्याच्या टोकाला जड वजन. पॉइंट्समन काका किल्लीने कुलूप काढायचे, दोन्ही हातांनी हँडल उचलून उभं करायचे आणि पलीकडे टाकायचे. वजन धाडकन आपटायचं आणि रुळाची जीभ शेजारच्या रुळाला जाऊन चिकटायची. मग काका वाकायचे. जीभ आणि रूळ यांच्यात खडीचा तुकडा तर अडकला नाही ना, हे चाचपून बघायचे आणि मगच कुलूप लावायचे. आम्ही फार जवळ गेलो की ओरडायचे, "ए पोरांनो, मागं व्हा रे, पाय सापडंल त्यात!"

त्याच स्टेशनचं मॉडेल मी सध्या घराच्या माडीवर करतोय. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. मीटरगेजचे 1000 मिलिमीटर त्या हिशेबात साडेअकरा मिलिमीटर होतात, आणि बाजारात 12 मिलिमीटर रुंदीचा तयार रूळ मिळतो. फरक नजरेला कळत नाही. प्लायवूडवर रूळ बसले, आता त्यांच्या सांध्यांखाली, म्हणजे वाट बदलणाऱ्या जिभांखाली, मोटारी बसवतोय.

निजामाच्या राज्यात आमची ही मीटरगेज लाइन पूर्णेहून हिंगोलीपर्यंत येऊन थांबली होती. स्वातंत्र्यानंतर ती वाशीम, अकोला, अकोट करत खांडव्याला जोडली गेली आणि उत्तर-दक्षिणेची मीटरगेज एक झाली. काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस आमच्या हिंगोलीवरून जायची. औंढ्या नागनाथाला आलेला माणूस जिथे उतरायचा, तिथूनच राजस्थानची गाडी मिळायची. पुढे मेळघाटात धुळघाटजवळ हीच लाइन पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून जायची. मॉडेल करणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं अशी ती जागा, पण माझ्या माडीत मावायची नाही. अकोला ते पूर्णा ब्रॉडगेज झालं 2008 साली. लहान रूळ उखडले, त्यांच्याबरोबर ते हँडलही गेलं.

लहानपणी दसऱ्याच्या प्रदर्शनातून आणलेल्या चावीच्या गाडीला सांधा नसायचाच. पत्र्याचा गोल, त्यावर इंजिन आणि दोन डबे, चावी संपेपर्यंत फिरायचे. म्हणून ती गाडी लवकर कंटाळवाणी व्हायची. वाट निवडता आली की गाडीत जीव येतो, हे मला फार नंतर कळलं, पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघताना. लोक गाड्या बघत होते, माझी नजर मात्र सांध्यांवर खिळली होती. वर हात नाही, हँडल नाही, आणि जीभ आपोआप सरकत होती.

सांधा हलवणाऱ्या छोट्या मोटारी मुख्यतः तीन तऱ्हेच्या असतात. जुनी तऱ्हा सोलेनॉइडची: दोन वेटोळी, मधे लोखंडी दांडी. बटण दाबलं की दांडी एका बाजूला खेचली जाते, टक् आवाज होतो आणि डोळा लवायच्या आत सांधा बदलतो. बटण जरा जास्त वेळ दाबलं की वेटोळं जळायची भीती. दुसरी सावकाश फिरणारी मोटार. ती शेवटाला पोचली की तिथेच दाब धरून उभी राहते. तिसरी सर्वो, ड्रोन आणि रोबोटवाली पोरं वापरतात ती निळी डबी, वजन अवघं नऊ ग्रॅम. तिला किती फिरायचं आणि कोणत्या वेगाने फिरायचं, दोन्ही सांगता येतं. मी सर्वो घेतली ती वेगासाठी.

बसवायचं काम असं. जिभा जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या बरोबर खाली प्लायवूडला आठ मिलिमीटरचं भोक पाडायचं, आणि तेही खडी चिकटवण्याआधी. भोकातून पोलादी तार वर घ्यायची, तिचं टोक पट्टीच्या छिद्रात अडकवायचं आणि खाली सर्वोच्या दांडीला बांधायचं. तार फार ताठ असेल तर मोटार जीभ दाबत राहून गुरगुरते, फार मऊ असेल तर जीभ अर्धवट राहते. तार थोडी वाकेल आणि वाकूनही जीभ रुळाला दाबून धरेल, अशी बेताची हवी. हे हातालाच कळतं, पुस्तकात वाचून जमत नाही.

वेग ठरवताना मी सायडिंगच्या त्या हँडलचाच हिशेब धरला. हँडल उचलून उभं करेपर्यंत जीभ हळूहळू सरकायची, मधे क्षणभर थांबायची आणि वजन पडलं की उरलेली वाट एका झटक्यात संपवायची. सर्वोला तसंच शिकवलं: अर्ध्यापर्यंत सावकाश, मग विसावा, मग झटका. भाचा बघायला आला तेव्हा म्हणाला, "मामा, हे मधेच अडकतंय." मी म्हटलं, "अडकत नाही रे, काकांनी हँडल उचललंय, अजून टाकलं नाही."

आजच्या ब्रॉडगेजची चाल निराळी. रुळाशेजारी करड्या रंगाची पेटी असते, तिच्यात 110 व्होल्टची मोटार. स्टेशनमास्तरने पॅनेलवर बटण दाबलं की पेटी आधी कुलूप काढते, जीभ सरकवते, पुन्हा कुलूप लावते, सगळं पाच-सहा सेकंदांत. जीभ आणि रूळ यांच्यात पाच मिलिमीटरची वस्तू जरी राहिली तरी यंत्र कुलूप लावत नाही, आणि कुलूप लागलं नाही तर सिग्नल पडत नाही. आषाढात रात्री कंदील घेऊन यार्डात पळणारा माणूस त्यामुळे छपराखाली आला, याचा मला मनापासून आनंद आहे. यंत्र बिघडलं तर आजही माणूसच क्रँक हँडल घेऊन भर पावसात जातो आणि पेटीतली मोटार हाताने फिरवतो, हे प्रवाशांनी जाणून घ्यावं. पण सगळं सुरळीत असतं त्या दिवशी सांधा बदलताना कोणी बघत नाही. प्लॅटफॉर्मवरच्या आजच्या पोराला विचारा, गाडी या लाइनवर कशी आली? तो म्हणेल, येतेच की.

पाच मिलिमीटरची ती तपासणी मॉडेलमध्ये आणायची तर सत्त्याऐंशीने भागून कागदाच्या जाडीपेक्षा कमी अंतर उरतं. सर्वो फिरली एवढं कळणं पुरेसं नाही. ती फिरेल, आणि वाळूचा कण जिभेशी तसाच राहील. म्हणून सिग्नलची वीज मी जिभेतूनच घेतली आहे. जीभ रुळाला खरोखर टेकली तरच प्रवाह पुढे जातो आणि सिग्नलचा हात पडतो. मधे कण असला तर हात आडवाच राहतो. काका चाचपून बघायचे ते काम आता तांब्याच्या दोन तारा करतात.

मेन लाइनच्या सगळ्या सांध्यांखाली मोटारी बसल्या. मोठ्या केबिनमध्ये असायची तशी रंगीत लिव्हरची फळीही केली: सिग्नलला लाल, सांध्याला काळा, कुलपाला निळा. मालधक्क्याच्या सायडिंगची सर्वो मात्र परवा मी काढून भाच्याला देऊन टाकली. तिथे पितळेचं छोटं हँडल बसवतोय, टोकाला शिशाचा मणी. कापसाच्या गाठींचा डबा आत ढकलायचा असेल तर ज्याने त्याने वाकून स्वतःच्या हाताने सांधा टाकायचा आणि जीभ टेकली का ते बघायचं.