हूक कुठं मारायचा

उंचावरच्या कामाच्या परवान्यावर आज मी सही करतो, ती नानांच्या जिवावर. अंबरनाथच्या आनंदनगर आणि बदलापूरच्या एमआयडीसीत शेडची कामं करणाऱ्या आमच्या टोळीचे ते मुख्य खलाशी, म्हणजे रिगर.

सेफ्टी बेल्ट बांधून "नाना, इथं मारू का हूक?" असं विचारलं की ते उलट विचारत, "पोरा, तू पडलास तर झटका कुठं जाणार?" मग तो झटका बोटानं खाली न्यायला लावत. पत्र्याखालच्या पर्लिनमधून ट्रसमध्ये, तिथून खांबात, खांबातून पायात. वाटेत एक बोल्ट गंजका निघाला तरी जागा बाद. पाण्याचा पाइप, केबल ट्रे, जिन्याचं रेलिंग यांना हूक लावणं तर त्यांना चालतच नसे.

आकडे मी पुढं शिकलो. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमानुसार अँकरनं, म्हणजे हूक अडकवायच्या जागेनं, साधारणपणे माणसामागे 5000 पौंड, म्हणजे जवळपास 2270 किलो पेलायला हवं. सत्तर किलोच्या माणसाला एवढं कशाला? कारण पडताना दोरी ताणली जाते त्या क्षणाचा झटका वजनाच्या कितीतरी पट असतो.

आमच्याकडे रसायनांच्या कारखान्यांची आम्लाची वाफ आणि चार महिन्यांचा पाऊस रंगाखालचं लोखंड खातात. वरून कोरा दिसणारा अँगल नाना हातोडीनं ठोकून ऐकत. आवाज बद्द आला की पुढं सरकत. उल्हासनगरच्या जुन्या इमारतींवर टाकीचं काम निघालं, तर गच्चीच्या कठड्यात अँकर बोल्ट ठोकायला सक्त मनाई. काँक्रीटच पोकळ असेल तर भारीतला बोल्टही ढलपा घेऊन बाहेर येतो. मे 2021 मध्ये त्या शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, तेव्हा ती मनाई किती खोल होती ते कळलं.

2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याचं 32 वं कलम उंचावरून पडण्यापासून बचावाची सोय मालकावर टाकत होतं. तरी ठेकेदार बेल्ट वाटून मोकळे होतात, अडकवायची जागा कुणी दाखवत नाही. याचा मला संताप येतो.

मागे एका नव्या शेडच्या आराखड्यातच छतावर हूक अडकवायला कायमची लाइफलाइन घालून घेतली आणि ड्रॉइंग घेऊन मुरबाडला नानांच्या घरी गेलो. चष्मा लावून त्यांनी टोकाचा खांब शोधला. "ह्याच्या खाली पाया केवढा?" ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं. तिथूनच मी डिझायनरला फोन लावला.