माडाचं मीठ

उभादांड्याच्या पुळणीतली आमची बाग म्हणजे खाली रेती आणि वर चाळीस माड. तीन-चार वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत खालच्या झावळ्या पिवळ्या पडल्या. शेजारची काकी मान वर करून म्हणाली, "माडाक खत घातलंस मां? मगे असो कित्याक झालो?"

घातलं होतं, तेही दुप्पट. माडाला पालाशची (पोटॅशियमची) भूक मोठी, हे ऐकून माडामागे दोन किलोंऐवजी चार किलो म्युरेट ऑफ पोटॅश आळ्यात ओतलं होतं. एक झावळ तोडून खाली घेतली. पात्या टोकांकडून नारिंगी-पिवळ्या, देठाकडे हिरव्या. वरच्या झावळीची सावली जिथे पडत होती, तेवढी पट्टीही हिरवीच. ही मॅग्नेशियमच्या उपासमारीची खूण. नव्या पानांसाठी माड जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून घेतो, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो.

यातली खोच मला उशिरा कळली. पालाशला मुळांत शिरायला स्वतःचं खास दार आहे, शिवाय मॅग्नेशियमच्या दारातूनही तो घुसतो. मॅग्नेशियमला मात्र पालाशच्या दारात थारा नाही. त्यामुळे पालाश वाढला की मॅग्नेशियम अडतं. मॅग्नेशियम वाढवून पालाशला तेवढा अटकाव होत नाही. कॅल्शियम आणि युरियातून होणारं अमोनियमही याच गर्दीत. त्यात आमच्या रेतीत धरून ठेवण्याची ताकद नाही आणि पाऊस हा असा!

बाबा पावसाच्या तोंडी आळ्यात मीठ टाकायचे. शिरोड्याच्या मिठागरातलं, जाडं, कडवट. पावसाळ्यात त्याच्या पोत्याखालची जमीन सदा ओली. ते पाणी सुटतं मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. माडाला क्लोराइड लागतंच, सोडियम पालाशची थोडी उणीव भागवतं, आणि त्या कडवटपणातून चिमूटभर मॅग्नेशियमही जायचं. मी पोटॅश आणलं आणि मीठ बंद केलं, मागासलेपणा म्हणून.

त्या दसऱ्याला, ओल असताना, माडामागे अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट घातलं आणि पोटॅश पुन्हा दोन किलोंवर आणलं, तेही हप्त्यांनी. पिवळी झावळ परत हिरवी होत नाही. माड महिन्याला साधारण एकच नवी काढतो, तेव्हा घाई करून उपयोग नव्हता. वर्षभर पिवळ्या झावळ्या एकेक करून गळत राहिल्या आणि काकी त्यांचे हीर सोलून खराटे बांधत राहिली.