कात्रजचे १६ चितळ आणि आमचा गोठा

परवा आमच्या गोठ्यात लाळ्या-खुरकुताची लस टोचून झाली. वर्षातून दोनदा हा कार्यक्रम असतो. मी वेसण धरून उभी, गाय मला गव्हाणीवर दाबतेय, डॉक्टर "घट्ट धरा ताई" म्हणतायत. पाच मिनिटांत सगळं आटोपलं, पण दिवसभर डोक्यात कात्रज घोळत राहिलं.

जुलै २०२५ मध्ये कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात आठवड्याभरात १६ चितळ मेले. नंतर तपासणीत कारण निघालं, लाळ्या-खुरकूत. पेपरात दोन-चार दिवस आलं आणि मग आपण सगळे विसरलो. मला विसरता येत नाही, कारण हा रोग आमच्या ओळखीचा आहे. ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांना सांगायला नको. तोंडातून लाळेच्या तारा, जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा. मोठं जनावर बहुतेकदा वाचतं, पण दूध तुटतं. वासराच्या हृदयावर गेला तर ते उभ्या उभ्या कोसळतं.

हा विषाणू वाऱ्याबरोबर येतो, वैरणीतून येतो, टेम्पोच्या चाकाला आणि माणसाच्या चपलेलाही चिकटून येतो. म्हणून साथ असली की आम्ही दुसऱ्याच्या गोठ्यात जात नाही, दारात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवतो. कात्रजला तर रोज बाहेरून चारा जातो आणि सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं जातात.

कुणी म्हणेल, मग चितळांनाही लस टोचा की! एवढं सोपं नाही ते. आमची गाय वेसणीला येते, चितळ येत नाही. पकडायला गेलं की तो जिवाच्या आकांताने पळतो, आणि त्या धसक्यानेच मरू शकतो. म्हणून तिथे खरी राखण कुंपणाबाहेर करावी लागते. आसपासच्या गाई-म्हशींना वेळेवर लस, चाऱ्यावर नजर, येणाऱ्या गाडीची चाकं धुणं, कामगारांच्या पायांना जंतुनाशक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज नीट बघणं.

बघणं म्हणजे काय, ते मी सासूबाईंकडून शिकले. धार काढायच्या आधी त्या गव्हाण बघतात. रात्रीची वैरण उरलीय का? मग शेण बघतात, मग गाय रवंथ करतेय का ते बघतात. डॉक्टर बोलवायचा की नाही हे त्यांचं तिथेच ठरतं. प्राणिसंग्रहालयात हे काम पिंजऱ्यापाशी रोज जाणारा कर्मचारी करतो. कोण जेवलं नाही, कोण कळपापासून लांब उभं आहे, हे साहेबाच्या आधी त्याला कळतं. त्याची नोंद वहीत होते का, आणि ती वही त्याच दिवशी डॉक्टर वाचतो का, यावर सगळं अवलंबून आहे.

आणि नुसतं जिवंत ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. मागे मी मुलांना घेऊन एका प्राणिसंग्रहालयात गेले होते (नाव घेत नाही). बिबट्या जाळीला लागून एकाच रेषेत येरझाऱ्या घालत होता. तेवढ्याच पावलांवर वळायचा, परत यायचा. लोक म्हणाले, "वा, काय रुबाबात चालतोय!" मला आमची जुनी म्हैस आठवली, आजारपणात महिनाभर बांधून ठेवली तर सारखी मान झुलवायची. कोंडलेल्या जनावराचं लक्षण आहे ते. त्याला लपायला आडोसा, चढायला ओंडका, शोधून खायला काहीतरी लागतं. तेवढ्यात शेजारच्या पिंजऱ्यात एका बाप्याने माकडाला वेफर्सचं पाकीट फेकलं. मी बोलले, तर म्हणतो, "खाऊ द्या की हो, भूक लागली असेल."

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खायला घालणं, डिवचणं, आरडाओरडा करून त्रास देणं गुन्हा आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून आहे. त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे मेलेल्या प्रत्येक प्राण्याचं शवविच्छेदन करावं लागतं, प्राण्यांचा हिशोब ठेवावा लागतो. आठवड्यातून एक दिवस दार बंद ठेवावं लागतं, कात्रजला बुधवार असतो. थोडक्यात, नियम आहेत. कमी आहे ती विचारणाऱ्यांची.

कात्रज पुणे महापालिकेचं आहे, म्हणजे आपल्या पैशांवर चालतं. तर माझं मागणं साधं आहे. दर महिन्याला तिकीट खिडकीजवळ एक फलक लावा. किती जन्मले, किती मेले, कशाने मेले, चार ओळींत. डेअरीत रोजचं फॅट लिहून लावतात, तसं. आकडा डोळ्यासमोर असला की दुसऱ्या मृत्यूलाच कुणीतरी विचारेल, सोळापर्यंत वाट बघावी लागणार नाही. तोपर्यंत माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांत अर्ज होतो.

आणि आपल्या बाजूचंही बोलू. आमच्या बेडशाच्या लेण्यात खांबांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल कोरलेत, दोन हजार वर्षं होत आली. ते बघायला येणारी माणसं खाली उतरून लोणावळ्याच्या घाटात माकडांना बिस्किटं घालतात आणि फोटो काढतात. ही सवय घेऊनच आपण कात्रजला जातो. मुलांना तिथे जरूर न्या. पण जाताना एवढं सांगा, की जाळीजवळ हळू बोलायचं, काही फेकायचं नाही, आणि एखादं जनावर सुस्त, लंगडं दिसलं तर तिथल्या कर्मचाऱ्याला जाऊन सांगायचं.

आमच्या गाईला कानात बिल्ला आहे, बारा आकडी नंबर आहे, ती मेली तर मी रडेन. त्या १६ चितळांसाठी निदान प्रश्न तरी विचारूया.