न दुखणारें दुखणें

दुखणें म्हटलें कीं तें दुखलें पाहिजे, अशी मनुष्यमात्राची एक जुनी समजूत आहे, आणि आमचीही तीच होती. दाढ ठणकूं लागली म्हणजे दंतवैद्याकडे जाण्याचा उपदेश कोणास करावा लागत नाहीं. ताप चढला म्हणजे कडू काढाही माणूस आपण होऊन मागून घेतो. वेदनेइतकी आज्ञा मनुष्य दुसऱ्या कोणाचीच पाळीत नाहीं. परंतु ज्या दुखण्यास वेदनाच नाहीं, तें पदरीं आलें असतां एखादा शहाणासुरता गृहस्थ कसा वागतो, हें आम्हीं गेल्या दोन वर्षांत स्वतःच्याच उदाहरणावरून पाहिलें. तें पाहणें फारसें सुखाचें झालें नाहीं. म्हणूनच तें येथें लिहावें असें वाटलें.

आमचें वय आज चोपन्न वर्षांचें आहे. अंगकाठी सडपातळ, पहांटे टेकडी चढून येण्याचा वीस वर्षांचा परिपाठ, तंबाखूला कधीं शिवलों नाहीं. एवढ्या पुण्याईच्या बळावर आम्ही आमच्या स्थूल मित्रांना आरोग्याविषयीं चार शब्द सुनवीत असूं, आणि ते बिचारे ऐकूनही घेत. अशा स्थितींत विम्याच्या कामासाठीं एकदां रक्त तपासण्याचा प्रसंग आला. लोक ज्यास ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात, त्या एल्. डी. एल्.चा आकडा १७८ निघाला. शरीरांतील दाह मोजणारी सी. आर्. पी. नांवाची एक चाचणी आहे. तिचा आकडाही असावा त्याहून अधिक होता. डॉक्टरांनीं कागदावरून दृष्टि वर न करतां विचारलें, “घरांत कोणाला हृदयविकार?” आम्हीं दादांचें नांव सांगितलें. आमचे थोरले बंधु एकुणपन्नासाव्या वर्षीं अँजिओप्लास्टी होऊन बरे झाले होते, आणि एकावन्नाव्या वर्षीं सकाळचा चहा घेतां घेतां खुर्चींतच गेले. त्याला तेव्हां सात वर्षें झालीं होतीं. डॉक्टरांनीं लेखणी उचलली आणि रोज रात्रीं घ्यावयाची एक गोळी लिहून दिली.

नळांत गाळ सांचावा तसा रक्तवाहिनींत चरबीचा थर सांचतो, अशी या आजाराविषयीं आमची कल्पना होती. डॉक्टरांनीं ती दुरुस्त केली. एल्. डी. एल्.चे कण रक्तवाहिनीच्या भिंतींत शिरतात. तेथें शरीराच्या रक्षक पेशी त्यांस गिळूं लागतात आणि गिळतां गिळतां स्वतःच अडकून पडतात. या झटापटीनें भिंत आंतून सुजते. हाच तो दाह. पुढें एखादे दिवशीं त्या सुजेवरील पापुद्रा फाटला, कीं त्यावर रक्त गोठतें आणि वाट बंद होते. हें सारें काम वर्षानुवर्षें आवाज न करतां चाललेलें असतें. आपल्याकडे तें लवकर फळास येतें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या पाहणींत, दक्षिण आशियांतील लोकांस पहिला झटका सरासरीनें ५३ व्या वर्षीं, म्हणजे इतरांहून सुमारें सहा वर्षें आधीं, येत असल्याचें आढळलें.

इतकें ऐकूनही आम्हीं तीन महिन्यांची मुदत मागितली. गोळीची भीति वाटली असें नाहीं, कमीपणा वाटला. ज्यानें आयुष्यभर टेकडी चढली, त्यानें रोगी म्हणून औषध घ्यावें काय? डॉक्टर हंसून म्हणाले, “पथ्य अवश्य करा. तें गोळी असली तरीही करावयाचेंच आहे.” या वाक्यांतील शेवटचा भाग आम्हीं सोईस्करपणें ऐकला नाहीं.

पथ्य मात्र आम्हीं मनापासून केलें. वरणभातावरील तुपाची धार चमचाभर थेंबांवर आली. खोबऱ्याचें वाटण, चहाबरोबरची खारी आणि दुपारचें फरसाण यांस रजा मिळाली. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, सकाळीं ओटची पेज, रात्रीं पाण्यांत ईसबगोल, मूठभर अक्रोड, अशी नवी व्यवस्था सौभाग्यवतीनें लावून दिली, आणि तेलाच्या बुधल्यावर महिन्याची खूण करून ठेवली. या व्यवस्थेमागें विचार आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त तयार करतें. ईसबगोल, ओट व कडधान्यें यांतील चिकट चोथा तें पित्त आंतड्यांतून बाहेर नेतो. मग नवें पित्त करण्यासाठीं यकृतास रक्तांतील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावें लागतें. तीन महिन्यांनीं १७८ चा आकडा १५४ वर आला. आम्हांस परीक्षेंत पहिला नंबर आल्यासारखें झालें. डॉक्टरांनीं अभिनंदन केलें, आणि पुढें सांगितलें कीं शरीरांतील बरेंचसें कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करतें. ताटांतून जेवढें कमी होण्यासारखें होतें, तेवढें बहुतेक झालें. दादांच्या भावास १५४ हा आकडा पुरेसा नाहीं.

येथून आमच्या अधःपाताचा दुसरा अध्याय सुरू झाला. गोळी नको, पण गोळीसारखें कांहीं तरी हवें, अशा मनःस्थितींतील माणसासाठीं बाजारांत भरगच्च फळ्या मांडलेल्या असतात. लसणीच्या कॅप्सूल, हळदीचा अर्क, मासळीचें तेल, दालचिनी, आणि यीस्टवर आंबवलेला लाल तांदूळ. प्रत्येक डबीवर हिरवें पान आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द. आम्हीं त्यांतील चार डब्या घरीं आणल्या. औषधाच्या गोळीपेक्षां त्यांची किंमत कितीतरी अधिक होती, आणि ती देतांना आम्हांस मुळींच कमीपणा वाटला नाहीं.

पुढें याच गोष्टींची परीक्षा झाली असल्याचें वाचनांत आलें. अमेरिकेंत क्लीव्हलँड येथें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या पांच आणि वनस्पतींतील स्टेरॉल अशीं सहा पूरकें एकीकडे, नुसती पिठाची गोळी दुसरीकडे, आणि रोसुव्हास्टॅटिन हें औषध अवघें पांच मिलिग्रॅम तिसरीकडे, अशी २८ दिवसांची शर्यत लावली होती. औषधानें एल्. डी. एल्. सुमारें शेंकडा ३८ उतरलें. सहांपैकीं एकही पूरक पिठाच्या गोळीहून लक्षणीय सरस ठरलें नाहीं.

लाल तांदळाची गोष्ट तर आम्हांस अधिकच लाजविणारी आहे. १९७३ सालीं जपानांत आकिरा एंडो या शास्त्रज्ञानें सुमारें सहा हजार बुरशा तपासल्यावर, क्योतो येथील धान्याच्या दुकानांतून आणलेल्या तांदळावरील एका बुरशींतून या जातीच्या औषधांपैकीं पहिलें द्रव्य शोधून काढलें. पुढें १९८७ सालीं अमेरिकेंत लोव्हास्टॅटिन हें औषध विक्रीस आलें. आणि आंबवलेल्या लाल तांदळांत जें गुणकारी द्रव्य असतें, तें रासायनिक दृष्ट्या लोव्हास्टॅटिनच होय. म्हणजे जें औषध नको म्हणून आम्ही दुकानांत गेलों, तेंच औषध आम्हीं तेथून विकत आणलें. भेद इतकाच कीं औषधाच्या गोळींत तें मोजून घातलेलें असतें, आणि डबींत तें किती आहे याचा नेम नसतो. आपल्याकडे पावसाळ्यांत रानांत फुलणारी कळलावी पाहा. तिच्या विषारी कंदांत कोल्चिसिन असतें. तेंच कोल्चिसिन दिवसाला अर्धा मिलिग्रॅम दिल्यास हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांत पुढील आघात कमी होतात, असें २०१९ सालच्या एका मोठ्या प्रयोगांत दिसलें; तें दाह शमवितें म्हणून. कंद विष, आणि त्यांतील मोजका कण औषध. नैसर्गिक आणि कृत्रिम हा भेद आम्ही समजत होतों तेवढा महत्त्वाचा नाहीं. मोजलेलें आणि न मोजलेलें हा खरा भेद आहे.

असो. शेवटीं आम्ही गोळी घेऊं लागलों, आणि दुसऱ्याच आठवड्यांत आमच्या पोटऱ्या दुखूं लागल्या. गोळीनें स्नायु दुखतात असें आम्हीं पूर्वींच वाचून ठेवलें होतें. क्वचित् तसें होतेंही. पण २०२० सालीं लंडन येथून प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्रास होतो म्हणून ज्यांनीं गोळी सोडली होती, अशा साठ माणसांस बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या: चार खऱ्या गोळ्यांच्या, चार खोट्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याच्या शेंकडा ९० खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. आम्हांस तेव्हां हें ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तरी फरक पडला असता असें वाटत नाहीं, कारण आम्हांस निमित्त हवें होतें. आम्हीं गोळी सोडली, आणि कोणास सांगितलें नाहीं. पट्ट्या पुस्तकांच्या फळीमागें जमूं लागल्या. सौभाग्यवती रात्रीं विचारी, “गोळी घेतलीत ना?” आणि आम्ही पुस्तकांतून मान वर न करतां ‘हूं’ म्हणत असूं.

असें चार महिने चाललें. मग दादांचें श्राद्ध आलें. पंगत उठल्यावर वहिनी आमच्यापाशीं येऊन बसल्या. आम्हीं वडे टाळलेले त्यांच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. त्या म्हणाल्या, “भावोजी, पथ्य त्यांचेंही असेंच कडक होतें हो. तूप म्हणून बोटाला लावीत नसत.” क्षणभर थांबून त्या पुढें म्हणाल्या, “गोळ्या मात्र घेत नव्हते. मला तें मागाहून कळलें. तेराव्यानंतर कपाट आवरतांना कोटाच्या खालीं अकरा पट्ट्या सांपडल्या, एकीलाही हात लावलेला नव्हता. कोणाला बोललें नाहीं मी. पण अजून मनांत येतें, मला सांगितलें असतें तर काय झालें असतें? रागावलें असतें, एवढेंच ना?”

दादांनीं गोळी घेतली असती तर ते वांचले असते, असें आम्ही म्हणत नाहीं. एका माणसाविषयीं तसें कोणासच सांगतां येत नाहीं. अनेकांविषयीं सांगतां येतें. १९९४ सालीं स्कँडिनेव्हियांतील देशांत ४,४४४ हृदयरोग्यांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला; निम्म्यांस गोळी, निम्म्यांस पिठाची गोळी. पांच वर्षांहून थोड्या अधिक काळांत पिठाची गोळी घेणाऱ्यांपैकीं २५६ माणसें मरण पावलीं, औषध घेणाऱ्यांपैकीं १८२. त्या चौऱ्याहत्तरांत आपण असतों किंवा नसतों, हें कधींच कळत नाहीं. वहिनींना मात्र अकरा पट्ट्या मोजाव्या लागल्या, आणि त्या अजून मोजीत आहेत.

त्या रात्रीं घरीं येऊन आम्हीं फळीमागच्या पट्ट्या काढून सौभाग्यवतीसमोर ठेवल्या. ती रागावली. तो राग आम्हांस वाटला होता त्याहून पुष्कळ लहान होता, आणि तिचे डोळे भरून आले तें मात्र आम्हांस सोसलें नाहीं. दुसरे दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन सर्व सांगितलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं स्नायूंची आणि थायरॉइडची तपासणी केली. दोन्ही ठीक निघाल्यावर त्याच जातीचें दुसरें औषध कमी मात्रेंत दिलें, आणि पोटऱ्या दुखल्या तर त्याच दिवशीं कळवा, आपण होऊन थांबूं नका, असें बजावलें. तीन महिन्यांनीं आकडा ९६ झाला. दाहाचा आकडाही उतरला. पोटऱ्या टेकडीच्या चढावर दुखतात, तेवढ्याच दुखतात.

टेकडीवरील मित्र आतां विचारतात कीं हें पथ्यानें झालें कीं औषधानें. पूर्वींचे आम्ही असतों तर पथ्याच्या बाजूनें साग्रसंगीत व्याख्यान दिलें असतें. आतां सांगतों कीं चोवीस पथ्यानें उतरले आणि अठ्ठावन औषधानें. दोघांनाही एकमेकांचा हेवा वाटल्याचें दिसलें नाहीं. हेवा वाटत होता तो आम्हांस.

ईसबगोल चालू आहे, भाकरी चालू आहे, आणि गोळी आम्ही जेवणाच्या टेबलावर सर्वांदेखत घेतों. तिला चव नाहीं. घेतल्यानें बरें वाटत नाहीं, न घेतल्यानें वाईट वाटत नाहीं. महिन्याच्या अखेरीस पट्ट्या संपतात आणि नव्या येतात, एवढीच काय ती तिची खूण. वहिनींचा फोन आला म्हणजे त्या प्रथम तेंच विचारतात, आणि आतां आम्हांस त्यांना खरें उत्तर देतां येतें.