ओवी आणि धवलेरी

वर्गात ‘ख्रिस्तपुराण’ शिकवायला घेतले, की मुलांच्या भुवया हमखास वर चढतात. इंग्लंडातून आलेला पाद्री थॉमस स्टीफन्स. त्याने गोव्यात बायबलाची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितली, १६१६ साली ती छापविली आणि ख्रिस्ताच्या स्वर्गाला चक्क ‘वैकुंठ’ म्हटले! पुढे रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी कीर्तन आणि अभंग त्यांनी सोडले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ऐकणाऱ्याची तहान ओळखणारी ही माणसे!

पण डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यावर ना पुराण, ना कीर्तन. तिथे लग्न लावते ती धवलेरी, एक बाई, तेही गाऊन. भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहितात. धान्य म्हणजे साक्षात कणसरी माता. अशा माणसाला पापमोचनाची कथा सांगण्याआधी त्याचे गाणे ऐकायला नको का? मिशनऱ्यांनी इथे दवाखाना काढला, शाळा काढल्या. माझ्या मते तेही भाषांतरच. ओवीपेक्षा लवकर कळणारे.

तरीही वारल्यांचे मोठे दुःख निराळेच होते. १९४५ साली गोदावरी परुळेकर तिथे गेल्या, त्या कोणताच देव बरोबर न घेता. वेठीला जाऊ नका, हे त्यांनी सांगितले आणि पिढ्यान्‌पिढ्या वाकलेली पाठ ताठ झाली.

ओवी मुळात जात्यावरची. समोरच्या जात्यात दाणाच नसेल, तर आपण ती कितीही गोड गळ्याने म्हटली, म्हणून काय झाले?