एकच व्यक्ती असल्याबाबत

गेला महिनाभर माझे सगळे शनिवार-रविवार पुणे, सातारा, सांगली असे हायवेवर गेले. कारण एकच. कागदपत्रं!

त्याचं झालं असं. ताई लग्नानंतर अमेरिकेला गेली आणि यथावकाश तिथली नागरिक झाली. 2006 च्या जानेवारीत तिने माझ्यासाठी इमिग्रंट व्हिसाचा अर्ज टाकला. नागरिकांच्या भावंडांच्या या रांगेला 'एफ-4' म्हणतात. वर्षाला साधारण 65,000 व्हिसा, तेही जगभरातल्या भावंडांना त्यांच्या बायकामुलांसकट. वर देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे भारताची रांग गोगलगाईच्या वेगाने सरकते. अर्ज टाकला तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, आता मुलगी बारावीला आहे. मी तर विसरूनच गेलो होतो. आणि एक दिवस मेल आली, कागदपत्रं अपलोड करा.

यादी वरवर सोपी होती. पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्या साइटवर अपॉइंटमेंट घेऊन मिळालं. लग्नाचा दाखला घरात होता. गाडी अडली ती पहिल्याच ओळीवर, जन्मदाखला. म्हणजे मी जन्मलो होतो याचा पुरावा!

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ सातारा. ते बघून पासपोर्टवरही सातारा. पण मी साताऱ्यात जन्मलोच नाही. आपल्याकडे बाळंतपण माहेरी, त्यामुळे 1977 साली तासगाव तालुक्यातल्या आजोळी, सुईणीच्या हातून माझा जन्म झाला. शाळेत नाव घालताना बाबांनी सरळ राहतं गाव सांगून टाकलं. जन्माची नोंद मात्र जिथे जन्म तिथेच होते, राहता पत्ता कुठलाही असो. साताऱ्यात फुकटचे दोन खेटे घातल्यावर हे ज्ञान प्राप्त झालं.

मग शनिवारी आईला घेऊन आजोळी जायचं, मामांकडे राहायचं आणि सोमवारी रजा टाकून ग्रामपंचायत गाठायची, असा कार्यक्रम सुरू झाला. ग्रामसेवकांनी बिचाऱ्यांनी जुनं रजिस्टर शोधून काढलं. नोंद सापडली! तारीख बरोबर, बाबांचं नाव बरोबर. बाळाच्या नावाची जागा मात्र कोरी. साहजिकच आहे, नोंद आधी झाली, बारसं बाराव्या दिवशी. नंतर पुन्हा जाऊन नाव कोण घालतंय? आणि आईचं नाव... हे कोण? क्षणभर वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ.

मामा मान वाकडी करून वाचत होते. म्हणाले, "अरे, ही आपली आक्काच की!"

नोंद सांगायला आजोबा गेले होते. लेकीचं नाव त्यांना जे ठाऊक होतं तेच त्यांनी सांगितलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून सासरच्यांनी आईचं नाव बदललं होतं. आडनाव सोडा हो, पहिलं नावच वेगळं! माहेरी ती नदी होती, सासरी देवी झाली. तिचं आधार, बँक, बाबांच्या मागची पेन्शन, ताईचा जन्मदाखला, सगळीकडे देवी. फक्त माझ्या नोंदीत नदी. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर एकाच बाईची दोन रेकॉर्ड्स आणि जोडायला कॉमन की नाही. भावंडांच्या व्हिसात तर आई एक आहे हेच दाखवायचं असतं. 2006 साली ताईने माझा शाळेचा दाखला आणि आजीचं प्रतिज्ञापत्र जोडून वेळ मारून नेली होती. आता आजी नाही.

कोरी जागा भरली गेली. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली नाव घालायला पंधरा वर्षं मिळतात. ती कधीच उलटली होती, पण शासनाने जुन्या नोंदींसाठी मुदत वाढवली होती, म्हणून बचावलो. पासपोर्ट नवा काढला. राहिला प्रश्न आईचा.

आईने ट्रंकेतून स्वतःचा शाळेचा दाखला काढला. त्यावर नदीचं नाव आणि जन्मगाव, 'जि. दक्षिण सातारा'. मी म्हटलं, हा कुठला जिल्हा? तर 1949 साली साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा काढून हा जिल्हा केला होता, 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. जिल्ह्याच्या नामांतराचं निदान सरकारदरबारी टिपण तरी आहे. आईच्या नामांतराचा पुरावा म्हणजे ते तांदळाचं ताट, आणि त्या तांदळाचा भात होऊन पन्नासच्या वर वर्षं झाली!

शेवटी तासगावात नोटरीकडे गेलो. विषय, 'दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याबाबत'. नोटरींनी मामांना विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मामा खुर्ची सरकवून बसले. तेव्हा ते चौदा वर्षांचे. रात्री त्यांना सायकलवरून सुईणीकडे पिटाळलं, वाटेत चेन पडली, मग सुईणीला डबलसीट घेऊन आले. दहा मिनिटं सांगत होते. कागदावर एवढंच उतरलं, 'मला व्यक्तिशः माहीत आहे.'

आईला दोन्ही नावांनी सही करायला सांगितली. देवीची सही तिने झरझर केली. मग पेन थांबलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, शाळेतल्यासारखी वर रेघ मारत तिने माहेरचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मामा काही बोलले नाहीत, खिडकीकडे बघत राहिले.

परत येताना कराडपर्यंत आई गप्प होती. मग म्हणाली, "तू गेलास की साताऱ्याचं घर बंद करायचं का रे? का मी भावाकडं जाऊन राहू?"

आईवडिलांना अशी रांग नसते. ताई तिला केव्हाच घेऊन गेली असती, पण आईच नको म्हणते. मी "बघू" म्हटलं आणि गाडी चालवत राहिलो. वीस वर्षं रांगेत उभा होतो, पण हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

असो. मंडळी, कुठे जायचं असो वा नसो, आपली जन्माची नोंद एकदा काढून बघा. आई आहे, मामा आहेत, तोवर बघा. रजिस्टरात काय आहे ते ग्रामसेवक सांगतील, ते खरं आहे हे सांगणारी माणसं थोडीच असतात.

कागद अपलोड झालेत. मुंबईच्या मुलाखतीची तारीख अजून यायची आहे. येत्या शनिवारी पुन्हा साताऱ्याला चाललोय. या वेळी कागदासाठी नाही.